मेलेल्यांना उठवणारे माथेफिरू शास्त्रज्ञ: जुन्या भयपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारचे चित्रपट पहिल्यांदाच बघायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून. दिग्दर्शक जेम्स व्हेल. लांबी जेमतेम सत्तर मिनिटं. त्यानंतर लगेच १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' बघा, कारण पहिल्याची गोष्ट जिथे संपते तिथूनच तो सुरू होतो. मग काळाची उडी मारून १९५७ चा हॅमर या ब्रिटिश कंपनीचा रंगीत 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. एवढे तीन झाले की पाया पक्का झाला.

पुढे १९३६ चा 'द वॉकिंग डेड' आवर्जून बघा. 'कासाब्लांका'वाल्या मायकेल कर्टिझचा हा चित्रपट विनाकारण मागे पडला आहे. रक्तपाताची किळस वाटत नसेल तर १९८५ चा 'री-ॲनिमेटर' बघा. १९१० चा एडिसन स्टुडिओचा छोटा मूकपट शेवटी ठेवा. आधी पाहिला तर नुसता जुनापुराणा वाटतो. बाकीचे पाहून झाल्यावर मात्र तो किती वेगळ्या वाटेने गेला ते कळतं.

फ्रँकेन्स्टाइन हे नाव नेमकं कोणाचं?

शास्त्रज्ञाचं. त्याने घडवलेल्या जीवाला नावच नाही. १९३१ च्या श्रेयनामावलीत सुरुवातीला त्याच्यापुढे नटाचं नाव न देता फक्त प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. मेरी शेलीच्या कादंबरीत शास्त्रज्ञ व्हिक्टर आणि त्याचा मित्र हेन्री. चित्रपटात ही नावं उलटी झाली: शास्त्रज्ञ हेन्री आणि मित्र व्हिक्टर. कादंबरीतला व्हिक्टर डॉक्टरही नाही, तो विद्यापीठात शिकणारा तरुण आहे.

कादंबरीतही विजेच्या कडकडाटातच प्रेतात जीव येतो का?

नाही. १८१८ च्या कादंबरीत नोव्हेंबरमधली उदास रात्र आहे, काचेवर पावसाचे थेंब आहेत, विझत आलेली मेणबत्ती आहे. 'जीवनाची ठिणगी' असा शब्दप्रयोग आहे, पण यंत्र कोणतं आणि पद्धत कोणती याबद्दल निवेदक मुद्दाम गप्प राहतो. दुसऱ्या कोणी ते करू नये, हे त्याचं कारण.

वीज आली ती त्या काळच्या हवेतून. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्यांवरचे विजेचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा भाचा आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. मेरी शेलीने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गॅल्व्हानीच्या विद्येचा उल्लेख केला आहे.

आपल्याकडे शुक्राचार्यांची संजीवनी मंत्राने चालते, त्यामुळे ती 'दाखवायची' कशी हा प्रश्नच येत नाही. चित्रपटाला मात्र डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं. १९१० च्या मूकपटात उकळत्या कढईतून सांगाडा वर येतो आणि त्यावर मांस चढत जातं. प्रत्यक्षात पुतळा जाळून ते चित्रण उलटं चालवलं होतं. १९३१ मध्ये कढईची जागा विद्युतयंत्रांनी घेतली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांनी तेच उचललं.

१९३१ च्या प्रयोगशाळेतली यंत्रं खरी होती का?

ठिणग्या खऱ्या होत्या, उपयोग खोटा. केनेथ स्ट्रिकफॅडन या विद्युत-कारागिराने ती जमवली आणि बनवली. त्यात टेस्ला कॉइल (प्रचंड दाबाची वीज तयार करणारं वेटोळं) होती, ठिणगी उडवणारे गोळे होते, फिरत्या चकत्या होत्या. ही यंत्रं त्याने आयुष्यभर जपली. मेल ब्रुक्सने १९७४ मध्ये 'यंग फ्रँकेन्स्टाइन' काढला तेव्हा तीच जुनी यंत्रं पुन्हा पडद्यावर आली.

या चित्रपटांची खूण बनलेलं यंत्र म्हणजे जेकबची शिडी. 'व्ही'च्या आकारात दोन उभ्या सळ्या, खाली जवळ, वर फाकलेल्या. सळ्यांना काही हजार व्होल्टचा दाब दिला की सगळ्यात कमी अंतर असतं तिथे, म्हणजे तळाशी, हवा फुटते आणि ठिणगी पेटते. पेटलेली हवा तापते. तापलेली हवा वर चढते आणि ठिणगीलाही सोबत नेते. वर अंतर वाढत जातं, ठिणगी ताणली जाते, एका उंचीवर तुटते आणि तळाशी नवी पेटते. बस, एवढंच. जीव ओतण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण खालून वर चढत जाणारं काहीतरी दिसतं म्हणून पुनरुज्जीवनाच्या प्रसंगाला ते इतकं शोभतं.

संवाद लक्ष देऊन ऐकलेत तर हेन्री विजेला श्रेय देतच नाही. जांभळ्या आणि अतिनील किरणांच्याही पलीकडचा, पृथ्वीवर पहिल्यांदा जीव आणणारा किरण आपल्याला सापडला, असा त्याचा दावा आहे. ढगातली वीज हे त्याचं साधन. कडकडाटात हे वाक्य बहुतेकांच्या हातून सुटतं.

जेकबची शिडी घरी बनवता येईल का?

बनवू नका. इंटरनेटवरचे बरेच आराखडे निऑन पाट्यांचा किंवा मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर वापरायला सांगतात. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर साधारण दोन हजार व्होल्टवर जीव घेण्याइतका प्रवाह सहज देतो, आणि घरातला फ्यूज किंवा गळती-रोधक स्विच त्या बाजूचा धक्का ओळखत नाही. चुकीला दुसरी संधी नसते. शिवाय उघड्या ठिणगीतून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. हाच परिणाम हवा असेल तर बाजारात मिळणारा प्लाझ्मा गोळा घ्या. पडद्यावर तोही छान दिसतो.

बोरिस करलॉफची रंगभूषा कशी केली होती?

करलॉफ म्हणजे १९३१ मध्ये राक्षसाचं काम केलेला नट, रंगभूषाकार जॅक पिअर्स. तेव्हा तयार रबरी मुखवटे नव्हते. कापसाचे थर कोलोडियनने (पटकन वाळणाऱ्या चिकट द्रवाने) चिकटवत चिकटवत ते चपटं डोकं आणि पुढे आलेलं कपाळ रोज नव्याने उभारावं लागे. नुसत्या रंगभूषेला सुमारे चार तास लागत, आणि काढणंही तितकंच त्रासाचं. डोकं चपटं का? कवटी कापून, मेंदू घालून, झाकण बसवावं तसं ते बसवलं, हा पिअर्सचा तर्क. मानेवर दिसतात ते स्क्रू नाहीत, विजेच्या तारा जोडायची टोकं आहेत.

पापण्यांवरचं मेण ही करलॉफची सूचना. डोळे फार जागे दिसतात, असं त्याला वाटलं. त्याने स्वतःचे काही कृत्रिम दात काढून ठेवले, त्यामुळे एका बाजूचा गाल आत गेला. कोटाच्या बाह्या आखूड केल्याने हात लांब वाटतात. चेहऱ्याला हिरवट करडा रंग होता, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उमटतो. पोस्टरांवरचा हिरवा राक्षस आला तो असा. पडद्यावर त्याला हिरवं कोणी पाहिलंच नव्हतं.

जाता जाता एक धागा. करलॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आईची मावशी ॲना लिओनोवेन्स, म्हणजे सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध शिक्षिका, १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली होती.

तो 'ॲबनॉर्मल' मेंदू चुकून घातला म्हणून सगळं बिघडलं ना?

चित्रपट वरवर तसं सांगतो. मदतनीस फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. कादंबरीत हा प्रसंग नाही. आमच्या मते हा पटकथेतला सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि व्हेलने स्वतःच तो दिग्दर्शनातून खोडून काढला आहे.

पुढचा प्रसंग पाहा. हेन्री छतावरची झडप उघडतो. उजेड खाली येतो. जन्मून काही दिवसच झालेला तो जीव चेहरा वर करतो आणि दोन्ही हातांनी उजेड धरायला जातो. झडप बंद होते तरी त्याचे हात तसेच मागत राहतात. तेवढ्यात फ्रिट्झ पेटती मशाल घेऊन येतो आणि तो घाबरून बिथरतो. मग साखळदंड, चाबूक, पुन्हा मशाल. यात गुन्हेगाराचा मेंदू कुठे दिसतो? या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात यंत्र चोख काम करतं. जीव येतो. फसतं ते त्यानंतर, कारण उठवलेल्याचं पुढे काय करायचं याचा विचारच उठवणाऱ्याने केलेला नसतो. हे मनात ठेवून बघितलंत तर हे चित्रपट वेगळेच दिसतील.

शरीरशास्त्राच्या बाजूने बघितलं तर बरणीतला कोणताही मेंदू सारखाच निरुपयोगी. फॉर्मलिनमध्ये प्रथिनं एकमेकांना कायमची जखडली जातात. म्हणूनच तो टिकतो आणि म्हणूनच तो पुन्हा चालू होणं अशक्य.

कुबडा मदतनीस इगोर ना?

१९३१ मध्ये तो फ्रिट्झ आहे, नट ड्वाइट फ्राय. इगोर हे नाव १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधून आलं. तिथे बेला लुगोसीने केलेला यगोर कुबडाही नाही आणि मदतनीसही नाही. फाशी जाऊनही वाचलेला, मान मोडलेला तो लोहार आहे. लोकांच्या डोक्यात दोघांचं मिळून एक पात्र झालं.

हात पुढे करून आंधळ्यासारखं चालणं करलॉफचं का?

नाही. १९४३ च्या 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन'मध्ये राक्षसाचं काम लुगोसीने केलं. पटकथेप्रमाणे तो आंधळा होता, बोलतही होता. नंतर त्याचे संवाद आणि आंधळेपणाचे उल्लेख काढून टाकले. चाचपडत चालणं तेवढं उरलं, कारण गेलं. नकला आजही त्याच चालीच्या होतात.

वेगवेगळ्या प्रतींमध्ये काही प्रसंग कमी-जास्त दिसतात. असं का?

१९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि १९३१ चा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना कापला गेला. दोन जागा महत्त्वाच्या. जीव आल्यावर हेन्री 'देव असणं कसं वाटतं ते आता कळलं' अशा अर्थाचं ओरडतो, ते ढगांच्या गडगडाटाखाली दाबलं. दुसरी जागा तळ्याकाठची. लहान मारिया आणि तो जीव फुलं पाण्यात सोडतात. फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाही फूल समजून पाण्यात टाकतो, आणि ती बुडाल्यावर कावराबावरा होऊन पळतो. कात्रीने हे सगळं उडवलं आणि त्याचे हात तिच्याकडे जातात तिथेच दृश्य तोडलं. परिणाम उलटा झाला. अजाण चूक होती ती काहीतरी भयंकर वाटू लागली. हा भाग १९८० च्या दशकात परत जोडला गेला. आज मिळणाऱ्या अधिकृत प्रतींत दोन्ही आहेत. तुमच्या प्रतीत मारिया पाण्यात पडताना दिसत नसेल तर ती कापलेली प्रत आहे, दुसरी शोधा.

'ब्राइड' पहिल्यापेक्षा सरस आहे असं म्हणतात. खरं का?

खरं. पहिल्यात शीर्षकांखेरीज पार्श्वसंगीत जवळपास नाही, इथे फ्रांझ वॅक्समनचं संगीत आहे. वधूला जागं करताना हृदयाच्या ठोक्यांसारखा नगारा वाजत राहतो. करलॉफचा राक्षस इथे बोलायला शिकतो, तेही एका आंधळ्या साधूकडून. एल्सा लँचेस्टरने मेरी शेली आणि वधू दोन्ही भूमिका केल्या. वधू पडद्यावर आहे मोजकी काही मिनिटं. तिचे केस तारेच्या सांगाड्यावर चढवले होते, तो घाट इजिप्तच्या नेफर्तितीच्या पुतळ्यावरून घेतला. तिचा फुत्कार लँचेस्टरने राजहंसांवरून उचलला होता.

हॅमरच्या चित्रपटांत वेगळं काय?

रंग, आणि केंद्रस्थानी कोण हे. युनिव्हर्सलच्या मालिकेत राक्षस कायम, शास्त्रज्ञ बदलतात. हॅमरमध्ये पीटर कुशिंगचा बॅरन फ्रँकेन्स्टाइन कायम आणि दर वेळी नवा बळी. दिग्दर्शक बहुतेक वेळा टेरेन्स फिशर. कुशिंगने १९५७ ते १९७४ दरम्यान ही भूमिका सहा वेळा केली. पिअर्सची रंगभूषा युनिव्हर्सलच्या मालकीची असल्याने १९५७ मध्ये राक्षस झालेल्या ख्रिस्तोफर लीचा चेहरा वेगळा, फाटक्या मांसाचा करावा लागला. १९६४ चा भाग युनिव्हर्सलने वितरित केला आणि त्यात मात्र चपट्या डोक्याची आठवण येईल असा राक्षस आहे.

१९६९ चा 'फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड' चुकवू नका. मेंदू दुसऱ्याच्या शरीरात बसवलेला माणूस स्वतःच्या बायकोला भेटायला जातो आणि ती त्याला ओळखत नाही. हॅमरने याहून करुण काही केलं नाही.

त्या काळी कोणी खरोखर असे प्रयोग करत होतं का?

हो, आणि ते चित्रपटांत शिरले. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट कॉर्निशने १९३४ मध्ये मारलेल्या कुत्र्यांना सी-सॉसारख्या फळीवर वरखाली झुलवून आणि ॲड्रेनलिन व रक्त गोठू न देणारं हेपॅरिन टोचून उठवायचा प्रयत्न केला. त्याचं चित्रण 'लाइफ रिटर्न्स' या चित्रपटात घातलं आहे. चित्रपट म्हणून तो टाकाऊ, दस्तऐवज म्हणून अस्वस्थ करणारा. 'द वॉकिंग डेड'मध्ये विजेच्या खुर्चीत मारलेल्या करलॉफला उठवताना 'लिंडबर्ग हृदय' वापरतात. वैमानिक लिंडबर्ग आणि शल्यविशारद कॅरेल यांनी अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप १९३५ मध्ये जाहीर केला होता, ते हेच.

सोव्हिएत शास्त्रज्ञ ब्रुखोनेन्को याचं 'ऑटोजेक्टर' हे तर हृदय-फुप्फुस यंत्राचं पूर्वरूप. त्यावरच्या १९४० च्या माहितीपटाची प्रस्तावना ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन करतात. पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच झालेले हाल्डेन ते हेच.

विजेच्या झटक्याने थांबलेलं हृदय चालू होतं ना? मग हे अशक्य का?

इथे चित्रपट आणि मालिकांनी मोठा गैरसमज पसरवला आहे. डिफिब्रिलेटर थांबलेलं हृदय सुरू करत नाही. हृदयाचे स्नायू बेताल थरथरत असतात तेव्हा झटका देऊन ती थरथर थांबवतो, म्हणजे हृदयाची स्वतःची लय परत येऊ शकते. मॉनिटरवर सरळ रेषा असेल तर झटक्याचा उपयोग नसतो. तिथे छातीदाब आणि औषधंच. माणसाचं हृदय अशा झटक्याने यशस्वीपणे पूर्ववत केलं ते क्लॉड बेक यांनी, १९४७ मध्ये.

फ्रँकेन्स्टाइनचा प्रयोग फसण्याची कारणं ओळीने अशी. रक्तपुरवठा थांबल्यावर सामान्य तापमानाला चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. काही तासांत पेशींतली ऊर्जा संपून स्नायू ताठरतात. आल्दिनीचं प्रेत हललं कारण ते ताजं होतं, स्नायूंच्या पेशी अजून जगत होत्या. ते आकुंचन होतं, जीव नव्हे. अनेक माणसांचे तुकडे जोडले तर रक्तगट आणि प्रतिकारशक्ती आड येते. १९५४ चं पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण एकसारख्या जुळ्यांमध्येच का झालं, याचं उत्तर यातच आहे. मेंदू बसवला तरी तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही. आणि आकाशातली वीज? हजारो अँपिअर, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरते. त्याने जीव येत नाही.

येल विद्यापीठात २०१९ मध्ये कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी, पेशींच्या पातळीवरचं काही काम परत सुरू करता आलं. जाणीव परतली नाही, आणि ती परतू नये अशीच खबरदारी संशोधकांनी घेतली होती. पडद्यावरचा एकही शास्त्रज्ञ अशी काळजी घेत नाही.

'री-ॲनिमेटर'मधलं हिरवं चकाकणारं औषध कशाचं?

चकाकणाऱ्या कांड्यांमधलं द्रावण. कांडी मोडली की आतली काचनळी फुटते, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झलेट एस्टर एकत्र येतात आणि रंगद्रव्य उजळतं. नाटकासाठी ते उघडून वापरू नका, काचेचे कण असतात आणि डोळ्यांना झोंबतं.

एकांकिकेत अशी प्रयोगशाळा उभी करायची आहे. स्वस्तात काय करता येईल?

चकाकणाऱ्या द्रवासाठी टॉनिक वॉटर घ्या. त्यातलं क्विनाइन अतिनील दिव्याखाली निळं उजळतं. पण समोरचे दिवे मंद केले नाहीत तर काहीच दिसत नाही, तालमीत हे आधी तपासा.

धुक्यासाठी एक किलो कोरडा बर्फ, पाच लिटर गरम पाणी. पाच-सात मिनिटं जोरात चालतं, मग पाणी गार होऊन मंदावतं. तापमान उणे ७८ अंश, त्यामुळे जाड हातमोजे हवेतच. बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो. हा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, म्हणून 'प्रेत' जमिनीवर झोपवू नका. टेबल किमान अडीच फूट उंच ठेवा आणि विंगेतला पंखा चालू असू द्या.

गडगडाटाला सहा फूट लांब पातळ पत्रा दोरीने टांगून खालच्या कोपऱ्याला धरून हलवा. रेकॉर्डिंगपेक्षा तो कैक पटींनी जिवंत वाटतो. आधी उजेड, मग तीन सेकंदांनी आवाज: वीज एक किलोमीटरवर. प्रत्येक वेळी हे अंतर कमी करत आणलंत तर वादळ जवळ येतंय हे न सांगता कळतं. चमकणारा स्ट्रोब वापरणार असाल तर दारावर सूचना लावा, अपस्माराच्या रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो.

टाक्यांच्या व्रणांना रिजिड कोलोडियन. पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळू द्या, तीन-चार थरांत कातडी आक्रसते. डोळ्यांजवळ नको, आगीजवळ तर नकोच. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

घरी टीव्हीवर बघताना चित्र विचित्र का दिसतं?

दोन कारणं असतात. १९३०-४० च्या दशकांतले हे चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीचे आहेत. टीव्ही त्यांना ताणून पडदा भरतो आणि करलॉफ बुटका होतो. चित्राची मापं मूळ प्रमाणात ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्याच पाहिजेत. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कृष्णधवल चित्रपटाला रंगाची तीव्रता शून्यावर आणा म्हणजे निळसर झाक जाते. खोलीतले दिवे मालवा आणि उजेडाची पातळी अशी लावा की प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या सावल्या काळ्या दिसतील, पण त्यातली दगडांची रेघ पुसली जाणार नाही. आवाज थोडा वाढवा. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये पार्श्वसंगीत जवळपास नसल्याने साखळीचा खडखडाट, पावलं आणि पाऊस हेच संगीत आहे.